खोडदची शांतता, नारायणगावची रेल्वे

पुण्याहून नाशिकला जायला अजूनही थेट रेल्वेमार्ग नाही. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा सुमारे २३५ किलोमीटरचा सरळ मार्ग आखला गेला, लोकांनी वर्षानुवर्षं त्याची वाट पाहिली, आणि मग रेल्वे मंत्रालयाने खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचं कारण देऊन तो बाजूला ठेवला. आता शिर्डी, अहिल्यानगरच्या बाजूने जाणाऱ्या मार्गाची चर्चा आहे. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरचे लोक चिडले, यात नवल काहीच नाही. माझे मामा त्याच भागातले, टोमॅटो आणि कांदा करणारे. त्यांचं सगळं म्हणणं एका वाक्यात मावतं: "तीस छत्र्यांपायी आमची गाडी गेली."

आम्ही परदेशात बसलेली मंडळी यावर लगेच उपदेश सुरू करतो. जगातली एवढी मोठी दुर्बीण आपल्या मातीत आहे, अभिमान बाळगा, रेल्वे काय कुठूनही जाईल, वगैरे. नारायणगावच्या चौकात ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकावं लागत नाही, तेव्हा असं बोलणं सोपं जातं. पण गावाकडचा राग आणि आमचा अभिमान, दोन्हींमध्ये एक गोष्ट राहून जाते. या दुर्बिणीला नेमकं काय लागतं आणि ते इतकं नाजूक का असतं, हे कुणी सांगतच नाही. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण राहतो न्यू जर्सीत, एडिसनला, आणि ज्या गावात रेडिओ खगोलशास्त्र जन्माला आलं ते होमडेल इथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तिथली हकीकत ऐकली, की खोडदचा प्रश्न जरा स्वच्छ दिसायला लागतो.

होमडेलला बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. १९३० च्या सुमारास समुद्रापलीकडे रेडिओवरून टेलिफोन चालायचे आणि बोलताना मध्येच खरखर यायची. ती कुठून येते ते शोध, असं कंपनीने कार्ल जान्स्की या तरुण इंजिनिअरला सांगितलं. त्याने लाकूड आणि पितळेच्या नळ्यांचा तीसेक मीटर लांब सांगाडा उभारला, फोर्ड मोटारीची चाकं लावून तो गोल फिरता केला आणि महिनोन्‌महिने २०.५ मेगाहर्ट्झवर खरखर मोजली. जवळची वादळं सापडली, लांबची वादळं सापडली. आणि एक मंद, सततची सळसळ उरली, जिचा पत्ता लागेना. ती वाढायची आणि कमी व्हायची, पण २४ तासांच्या नाही, २३ तास ५६ मिनिटांच्या फेऱ्याने. नक्षत्रं रोज चार मिनिटं आधी उगवतात, हे आपल्याकडे रात्री पाण्याची पाळी धरणाऱ्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. म्हणजे ही सळसळ सूर्याची नव्हती, पृथ्वीवरचीही नव्हती. ती ताऱ्यांबरोबर फिरत होती आणि धनू राशीच्या दिशेने, आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती. १९३३ मध्ये त्याने हे जाहीर केलं. कंपनीचं काम झालं होतं, त्यामुळे त्याला दुसऱ्या कामाला लावलं.

तीसेक वर्षांनी त्याच गावात, त्याच कंपनीच्या एका भल्यामोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांनाही अशीच एक नको असलेली खरखर सापडली. त्यांनी अँटेना न्यूयॉर्क शहराकडे रोखून पाहिला, शहराचा गोंगाट असेल म्हणून. नव्हता. आत कबुतरांनी घर केलं होतं, ती हाकलली, त्यांची घाण खरवडून काढली. खरखर तशीच, सगळ्या दिशांनी सारखी. ती विश्वाच्या आरंभानंतरच्या उष्णतेची उरलेली धग होती. १९६५ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ती टेकडी अलीकडे बांधकामात जाते की काय अशी वेळ आली होती. लोकांनी आवाज उठवला आणि २०२३ मध्ये गावाने ती जागा विकत घेऊन तिथे उद्यान करायचं ठरवलं.

गंमत बघा. टेलिफोन कंपनीची खरखर शोधता शोधता हे शास्त्र जन्मलं, आणि आज त्याला सगळ्यांत जास्त छळतो तोही टेलिफोनच.

कारण साधं आहे. लहानपणी घरात मिक्सर लावला की टीव्हीवर मुंग्या यायच्या, आठवतं? मिक्सरच्या मोटारीत ठिणग्या पडतात आणि ठिणगीतून रेडिओ लहरी निघतात. टीव्हीला येणारा सिग्नल तसा दणदणीत असायचा, तरी मुंग्या यायच्या. आता त्याच्या जागी अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणारा सिग्नल धरा. आकाशातलं रेडिओ तेज मोजायच्या एककाला त्या जान्स्कीचंच नाव दिलंय, आणि खोडदला एका जान्स्कीच्या हजाराव्याच काय, लाखाव्या हिश्श्याएवढ्या अंधूक वस्तूही शोधतात. तुलनेला सांगायचं तर चंद्रावर एक साधा मोबाइल चालू करून ठेवला, तर या दुर्बिणींना तो आकाशातल्या सर्वांत तेजस्वी वस्तूंपैकी एक वाटेल. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरहून दूर आहे. मोबाइल टॉवर तीन किलोमीटरवर असतो.

खोडदची दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, बांधायचं स्वप्न गोविंद स्वरूप यांचं. त्यांनी आधी उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी केली होती. मोठ्या तरंगलांबीच्या लहरी पकडायच्या, तर तबकडी प्रचंड हवी आणि प्रचंड तबकडीला पैसा प्रचंड लागतो. स्वरूप यांच्या गटाने त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. मीटरभर लांबीच्या लहरीला पत्रा गुळगुळीत आहे की जाळीदार, याने फारसा फरक पडत नाही. जाळीची भोकं लहरीपेक्षा पुष्कळ लहान असली की झालं. म्हणून ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांवर पत्र्याऐवजी स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणून बसवली, दोरखंडांच्या आधारावर. वारा आरपार जातो, वजन घटतं, खर्च घटतो. नाशिक रस्त्यावरून जाताना या तबकड्यांतून पलीकडचं आभाळ दिसतं ते यामुळे. आमच्याकडे काही जण अजून म्हणतात की काम अर्धवट सोडलंय.

अशा तीस तबकड्या. चौदा मध्यभागी किलोमीटरभराच्या जागेत दाटीने, उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर इंग्रजी वाय अक्षरासारख्या लांबवर, शेतांमधून आणि गावांजवळून पसरलेल्या. सर्वांत दूरच्या दोघींमध्ये सुमारे २५ किलोमीटर. या अंतरातच सगळी करामत आहे. एकेकटी तबकडी काही फार बारीक पाहू शकत नाही. पण तीसही जणींचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एका जागी आणून, प्रत्येक जोडीचे सिग्नल एकमेकांशी ताडून पाहिले, तर बारीकसारीक तपशील २५ किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण असल्यासारखे उलगडतात. तिसातून दोन-दोनच्या जोड्या निघतात ४३५. पृथ्वी फिरते तशी या प्रत्येक जोडीची आकाशाकडे पाहायची बाजू बदलत जाते आणि तासागणिक चित्र भरत जातं. ही युक्ती वापरात आणणारे मार्टिन राइल यांना १९७४ चं नोबेल मिळालं. ४३५ जोड्यांचा गुणाकार-बेरजेचा हा मारा आज खोडदला ग्राफिक्स कार्डांवर चालतो, त्याच जातीच्या ज्यावर पोरं गेम खेळतात. लेन्समधून डोळा लावून बसलेला शास्त्रज्ञ इथे नसतोच. असते ती आकड्यांची रास, आणि तिच्यातला कचरा उपसायचं काम. तो उपसा सॉफ्टवेअर बरंच करतं, पण माझ्या धंद्यातला अनुभव सांगतो की जी नोंद मुळातच बुडाली, ती कुठल्याही प्रोग्रॅमने परत येत नाही. कचरा काढून टाकता येतो, त्याखाली काय होतं ते मिळत नाही.

"मग दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऐका की," असं मामेभाऊ म्हणाला होता. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा नीट देतो. हायड्रोजन वायूची स्वतःची एक खूण असते: २१ सेंटिमीटरची लहर, १४२० मेगाहर्ट्झ. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे दुरून येता येता ती लहर ताणली जाते आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला पोचते. किती खाली, ते अंतरावर ठरतं. २०२३ च्या जानेवारीत अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी जीएमआरटीवर टिपलेला अशाच एका दीर्घिकेचा सिग्नल जाहीर केला. तो निघाला तेव्हा विश्वाचं वय पाच अब्ज वर्षांहून कमी होतं. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो भिंगासारखा मोठा केला, म्हणून सापडला. खोडदला पोचेपर्यंत २१ सेंटिमीटरची लहर ४८ सेंटिमीटरची झाली होती, म्हणजे साधारण ६२० मेगाहर्ट्झ.

आता इथला, अमेरिकेचा हिशेब. ६१७ ते ६५२ मेगाहर्ट्झ हा पट्टा इथे २०१७ मध्ये संपलेल्या लिलावात मोबाइल कंपन्यांना विकला गेला. त्याच ६२० मेगाहर्ट्झवर माझ्या खिडकीबाहेर टॉवर ओरडतो आहे. भारतातही २०२२ च्या लिलावात ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा मांडला होता, कुणी बोली लावली नाही एवढंच. फ्रिक्वेन्सी शास्त्रज्ञ निवडत नाही, ती हायड्रोजनने आणि अंतराने आधीच ठरवलेली असते. तिथे शांतता मिळाली तर मिळाली.

अजून एक उदाहरण, कारण ते मला विसरता येत नाही. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा मोबाइलएवढा किरकोळ रेडिओ सिग्नल पृथ्वीवर थेट टिपला तो खोडदने. यान वातावरणात शिरल्याचं, पॅराशूट उघडल्याचं जुन्नर तालुक्यात समजत होतं. मग ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी सिग्नल थांबला. यान आदळलं होतं.

तर रेल्वे. विजेच्या इंजिनाच्या डोक्यावरचा पँटोग्राफ वरच्या तारेला घासत जातो. वेगात तो क्षणभर सुटला, की ठिणगी. मिक्सरचीच ठिणगी, पण २५ हजार व्होल्टची, आणि ठिणगीला ठरावीक फ्रिक्वेन्सी नसते, ती जवळपास सगळ्याच पट्ट्यांत खरखरते. शिवाय गाडीतले शेकडो मोबाइल, वायफाय, सिग्नलची बिनतारी यंत्रणा, आणि स्टेशन आलं की त्याभोवती उभं राहणारं गाव. शास्त्रज्ञांची धास्ती मला पटते. खोडदची जागा निवडली तेव्हा रेडिओच्या दृष्टीने तो भाग शांत होता, हेच निवडीचं एक मुख्य कारण होतं. ती शांतता गेली तर तबकड्या उभ्या राहतील, फोटोही छान येतील, पण दुर्बीण म्हणून त्यांचा उपयोग घटत जाईल.

पण ही शांतता आकाशातून पडलेली नाही. ती कुणीतरी शेजारी पुरवतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकला हे उघड मान्य केलेलं आहे. १९५८ पासून तिथे सुमारे १३ हजार चौरस मैलांचा रेडिओ शांतता पट्टा आहे. दुर्बिणीजवळ डिझेलच्याच गाड्या नेतात, कारण पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग असतो. गावात मोबाइल चालत नाही. आणि तिथलेही लोक कुरकुरतातच. रुग्णवाहिकेला, पोलिसांना बिनतारी संपर्क नीट मिळत नाही, यावरून तिथे वाद झालेत, आणि ते वाद खरे आहेत. हा काही फक्त "आपल्याकडच्या अडाणी लोकांचा" प्रश्न नाही, हे आमच्या काही मित्रांसाठी मुद्दाम लिहितोय.

ऑस्ट्रेलियात नव्या महादुर्बिणीचा, एसकेएचा, एक भाग ज्या जमिनीवर उभा राहतोय ती वाजरी यामाजी या मूळनिवासी लोकांची. २०२२ मध्ये त्यांच्याशी रीतसर करार झाला आणि त्या जागेला त्यांच्याच भाषेतलं नाव मिळालं. याच प्रकल्पातल्या भारताच्या सहभागासाठी सरकारने २०२४ च्या सुरुवातीला सुमारे १२५० कोटी रुपये मंजूर केले. मग खोडदच्या आसपासच्या गावांशी बसून बोलणं काही जड नाही.

माझं मत विचाराल तर दुर्बिणीची शांतता राखलीच पाहिजे. मामांना हे आवडणार नाही, पण रेल्वेचा मार्ग वळवता येतो, हायड्रोजनची लहर वळवता येत नाही. मात्र ज्यांच्यामुळे ती राखली जाते, त्यांना दोन गोष्टी मिळायलाच हव्यात. पहिली, आकडे. गाडी किती किलोमीटरवरून गेली तर किती गोंगाट होईल, मध्ये डोंगर असला तर किती अडेल, बोगदा किंवा आडोशाची भिंत केली तर किती उरेल, यातलं काय मोजलं आणि काय नुसतं गृहीत धरलं, हे मराठीत, ग्रामसभेत वाचता येईल अशा भाषेत छापलं पाहिजे. "दुर्बिणीमुळे शक्य नाही" एवढ्या एका ओळीवर तालुक्याने गप्प बसावं, ही अपेक्षाच चुकीची.

दुसरी गोष्ट फायबर. जमिनीखालच्या काचेच्या तारेतून जाणारा प्रकाश दुर्बिणीला त्रास देत नाही. जीएमआरटीच्या तीसही तबकड्या अशाच तारेने जोडलेल्या आहेत. तबकड्या ज्या शेतांच्या बांधावर उभ्या आहेत, त्या शेतांच्या मालकांच्या घरी मात्र मुलं मोबाइलची एक कांडी यावी म्हणून गच्चीवर चढतात. टॉवर नको म्हणत असाल, तर त्या टापूतल्या प्रत्येक घरात, शाळेत, दवाखान्यात राज्यात सर्वांत आधी फायबर पोचला पाहिजे. माझा मामेभाऊ पुण्यात हिंजवडीला दहा बाय दहाच्या खोलीत राहून जे काम करतो, ते तो मग घरी ओटीवर बसून करू शकेल. रेल्वेची भरपाई यात पूर्ण होत नाही, पण निदान देणं मान्य केल्यासारखं होईल.

खोडदची माणसं आपल्या परीने दारं उघडी ठेवतात, हेही सांगायला हवं. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथे मोठं प्रदर्शन भरतं, गावोगावच्या शाळा प्रयोग घेऊन येतात. त्या सुमारास भारतात जाणार असाल तर मुलांना न्या.

एक मोठी अडचण मात्र खोडद आणि नारायणगाव या दोघांच्याही हातात नाही. जमिनीवर कितीही शांतता पाळा, वरून उपग्रह जातात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत नेदरलँड्समधल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीवर स्टारलिंकचे ६८ उपग्रह तपासले, त्यांतल्या ४७ मधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान गळती सापडली. या फ्रिक्वेन्सीवर ते संदेश पाठवतच नाहीत, आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून झिरपतं ते हे. पुढच्या वर्षीच्या मोजणीत नव्या पिढीच्या उपग्रहांची गळती ३२ पटींपर्यंत जास्त निघाली. खोडदचा एक पट्टा साधारण १२० ते २५० मेगाहर्ट्झचा आहे. त्यातला १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ हा तुकडा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार भारतात रेडिओ खगोलशास्त्रासाठी नेमून दिलेला आहे. पण नियम मुद्दाम केलेल्या प्रक्षेपणाबद्दल बोलतात, अशा झिरपण्याबद्दल जवळजवळ गप्प आहेत. जुन्नरच्या शेतकऱ्याने टॉवर सोडला, गाडी सोडली, आणि अमेरिकेतली एक कंपनी त्याच्या डोक्यावरून खरखर करत जाते आहे.

इथे मात्र आम्हा परदेशस्थांना अभिमानाखेरीज दुसरं काही करता येतं. असे उपग्रह सोडायचा परवाना अमेरिकेचा दूरसंचार आयोग देतो, आणि त्याआधी लोकांच्या हरकती मागवतो. त्या आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतात. प्रस्तावाचा क्रमांक लागतो, इंग्रजीतली दोन पानं लागतात, नागरिकत्व विचारत नाहीत.